थोरल्या गौरीचा टिळा

आमच्या घरात पितळेचे दोन गौरीमुखवटे आहेत. माझ्या पणजीने ते साताऱ्याच्या एका तांबटाकडून घडवून घेतले, असे सांगतात. दोन्ही एकाच साच्यातले, नाकडोळे सारखे. फरक एवढाच होता की थोरलीच्या कपाळावरच्या खाचेत टिळा म्हणून तांबडी लाख भरलेली होती आणि धाकटीची खाच रिकामी होती. 'होती' असे लिहितो, त्याला कारण मीच.

मुखवटे गावी थोरल्या भावाच्या घरी असत. शहाण्णवच्या मार्चात दादा गेले. गौरी घरात आणायच्या त्या सवाष्णीने, असा आमच्याकडे रिवाज. म्हणून त्या वर्षी गोजरावहिनी मुखवटे घेऊन जुईनगरला आमच्याकडे आल्या. पत्र्याची पेटी त्यांनी माझ्या बायकोच्या, शकुबाईच्या, पुढ्यात सरकवली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"शकू, हे आता तुझं. मी काय हात लावायची न्हाई."

बत्तीस वर्षे थोरली गौर वहिनींनीच उंबऱ्यातून आत आणली होती. शकुबाईने एकदाही नाही, कारण सणाला आम्ही गावी नसायचो. मी तुर्भ्याच्या बाजारात एका पेढीवर कारकून होतो. रजा मिळत नाही, असे मी घरी सांगत असे. खरे म्हणजे मालकाकडे मागायलाच धीर होत नसे.

गौरी यायच्या दिवशी सकाळी शकुबाई, वहिनी आणि आमची सून राजलक्ष्मी फुले आणायला बाहेर पडल्या. आपणही काही उपयोगी पडावे असे मला वाटले. पितळ चिंचेच्या पाण्यात उकळले की लखलखते, असे मी कुठल्याशा पुस्तकात वाचले होते. मोठ्या पातेल्यात दोन्ही मुखवटे उकळायला ठेवले. पाणी तांबूस झाले तेव्हा, जुने कुंकू सुटले, असे समजलो. खाचेत थोडा मळ उरला होता, तोही सुईने कोरून काढला. मुखवटे छान दिसत होते.

तिघी परतल्या, शकुबाई पुढे. तिने एक मुखवटा पाहिला, मग दुसरा, मग पातेले.

"थोरलीचा टिळा कुठाय?"

मी सुई दाखवली.

"जन्मात कधी कपाटातल्या पुस्तकांवरची धूळ झटकली नाही," ती म्हणाली, "आणि गौरी उकळायला घेतल्या."

"आप्पा, तुम्ही टेन्शन घेऊ नका," राजलक्ष्मी म्हणाली. "दोघी सेमच तर आहेत. कुठलीही आधी आणू."

"सेम आहेत म्हणूनच तो टिळा होता गं. थोरलीनं आधी उंबरा ओलांडायचा. धाकटी पुढं घुसली तर थोरलीचा मान काय राहिला?"

वहिनी पुन्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "थोरलीच्या आतल्या अंगाला, डाव्या कानामागं, पितळाचा बारका खडा हाय. बोटाला लागतोय."

शकुबाईने दोन्ही मुखवट्यांत बोटे घालून पाहिली. "दोन्हीत लागतंय, आक्का."

"तसला न्हवं. थोरलीचा येगळा लागतो."

"वेगळा म्हणजे कसा?"

"आता सांगू कसा? बोटाला कळतंय."

शकुबाईने मुखवट्यांचे ताट उचलून वहिनींच्या पुढ्यात ठेवले. "मग बघा."

वहिनींनी हात पदराखाली घेतले. "मला न्हाई लावायचा हात. तुला ठावं हाय."

मी पातेले घेऊन मोरीकडे निघालो होतो. तिथेच थांबलो. आपण बोलावे की बोलू नये, हे मला ठरवता येईना. शेवटी न ठरवताच बोललो.

"चूक माझी आहे, वहिनी. पण ती तुमच्याशिवाय निस्तरायची नाही."

त्यांच्यासमोर मी कधी इतके बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, हातातल्या पातेल्याकडे पाहिले. मग पदराला हात पुसले आणि पहिला मुखवटा उचलला. आत बोट फिरवून तो खाली ठेवला. दुसरा उचलला.

"ही."

तो मात्र त्यांनी खाली ठेवला नाही. रिकाम्या खाचेवर त्यांचा अंगठा फिरत राहिला.

"आता हातात आहेच तर तुम्हीच आणा," शकुबाई म्हणाली. "मी धाकटी घेते."

"लोक काय म्हनतील?"

"इथं सोसायटीत कुणाला पडलंय? आणि कुणी विचारलंच तर सांगू, ह्यांनी गौरी उकळल्या म्हणून."

वहिनी हसल्या. दादा गेल्यानंतर मी पाहिले ते पहिल्यांदाच.

तिसऱ्या प्रहरी राजलक्ष्मीने जिन्यापासून देव्हाऱ्यापर्यंत कुंकवाची पावले काढली. ताट वाजवत तिने दारात विचारले, "गौरी आली, कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली," असे म्हणत वहिनींनी थोरली आत आणली. मागून शकुबाई धाकटी घेऊन आली. समोरच्या घरातल्या बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी हळदीकुंकवाला किती वाजता येऊ, एवढेच विचारले.

याला तीन वर्षे झाली. वहिनी दर भाद्रपदात येतात आणि थोरली त्याच आणतात. खाचेत पुन्हा लाख भरून घेऊ, असे मी दोनदा सुचवले. शकुबाई म्हणते, राहू दे.

भावजींनी ते मुद्दाम केले, असे वहिनी गावी सगळ्यांना सांगतात. मी मुद्दाम केलेले नव्हते. तेवढी अक्कल मला सुचली नसती. हे त्यांना एकदा सांगायला हवे. दर वर्षी ठरवतो, पण अजून धीर झालेला नाही.