शिट्टी वाजली की चेंडू तुझा

"खोकल्याचं औषध द्या, आणि तुमच्या साहेबांना सांगा, पोरांना जरा टॅकल करायला शिकवा."

हे सांगणारा माणूस टॅक्सी चालवतो. त्याच्या घशातून धड आवाज फुटत नव्हता, पण एवढं वाक्य मात्र त्याने न खोकता पूर्ण केलं. मी बाटली पिशवीत घातली, जेवणानंतर घ्या म्हटलं. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की गिऱ्हाइकाशी भांडता येत नाही. नाहीतर त्या आठवड्यात मी निम्म्या गावाला खोकत ठेवलं असतं.

आमचे हे गावातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबात बचावाचे प्रशिक्षक. खेळत होते तेव्हा लोक ह्यांना चिमटा म्हणायचे. समोरच्याच्या पायातला चेंडू हे असा अलगद काढून घ्यायचे की त्या बिचाऱ्याला चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं, आपण रिकामेच पळतोय. टॅकल म्हणतात तो हाच. आता खेळाडू ह्यांना चिमटासर म्हणतात, आणि ह्याच चिमटासरांच्या पोरांना त्या मोसमात एक टॅकल धड जमत नव्हता. दार उघडं असल्यासारखं कुणीही यावं आणि आमच्या बचावातून आरपार जावं. क्लब तळाला गेला होता. शेवटचा सामना उरला होता. हरलो तर खालच्या श्रेणीत, नुसती बरोबरी झाली तरी वाचलो, असा हिशेब.

टीव्हीवरचे जाणकार रोज संध्याकाळी एकच दळण दळत. एवढ्या महागड्या खेळाडूंना टॅकल येत नाही म्हणजे शिकवण्यातच खोट आहे. मोठे सर म्हणजे मुख्य प्रशिक्षक. वयाने ह्यांच्यापेक्षा लहान, हुद्द्याने मोठे. त्यांनी मुलाखतीत गोड हसून सांगून टाकलं की बचावासाठी आमच्याकडे वेगळे प्रशिक्षक आहेत, त्यांना विचारा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मात्र टीव्हीसमोर नखं खात बसले.

आता खरं काय झालं होतं ते सांगते. मोसमाच्या सुरुवातीला सरावात क्लबच्या सगळ्यात महाग स्ट्रायकरचा, म्हणजे गोल मारणाऱ्या खेळाडूचा, पाय आपल्याच सहकाऱ्याच्या टॅकलने मोडला. मालक मंडळींचं धाबं दणाणलं. फर्मान निघालं की ह्यापुढे सरावात खेळाडूने खेळाडूला टॅकल करायचा नाही. ह्यांनी परोपरीने समजावलं, पाण्यात न उतरवता पोहायला कसं शिकवू म्हणाले. मोठे सर म्हणाले, काहीतरी मार्ग काढा, तुम्ही अनुभवी आहात. अनुभवी म्हटलं की आमचे हे विरघळले.

आणि मार्ग काढला. स्वयंपाकघरात मला प्रात्यक्षिकही दाखवलं. मी पातेलं घेऊन ओट्याकडून टेबलाकडे निघाले होते. हे बाजूने आले, खांदा पुढे, गुडघे वाकलेले, नजर पातेल्यावर. हातभर अंतरावर थांबले आणि तोंडाने शिट्टी मारली.

"झालं. पातेलं माझं."

म्हणजे असं, की सरावात बचावपटूने बरोबर जागेवर यायचं, पण पाय घालायचा नाही. जागा बरोबर साधली की हे शिट्टी मारणार. शिट्टी वाजली की चेंडू तुझा. मी म्हटलं, तुमच्या शिट्टीने माझं पातेलं जात नसतं, चला बाजूला व्हा. हे खूप हसले. मोठ्या सरांना तर ती पद्धत फारच आवडली. त्यानंतर सबंध मोसमात सरावात एकाही खेळाडूला खरचटलंसुद्धा नाही.

आणखी एक सामना हरून आल्यावर, त्याच रविवारी, हे दिवाणखान्यात त्याचं चित्रण लावून बसले होते. एकच तुकडा मागे नेत, पुन्हा बघत. मी कपड्यांना इस्त्री करत होते. पडद्यावर डावीकडचा बचावपटू होता. त्याला सगळे मांजर म्हणतात, कारण तो आला-गेलेला कळत नाही आणि बोलायला सांगितलं तर अंग चोरतो. ह्यांचा सगळ्यात लाडका. मांजर पळत आला, अगदी बरोबर जागेवर आला, आणि उभा राहिला. समोरचा निघून गेला.

ह्यांनी मला विचारलं, काय दिसतंय. मी म्हटलं, कपाट उघडून कशाला उघडलं तेच विसरावं, तसा उभा आहे.

"विसरला नाहीये तो," हे म्हणाले. "वाट बघतोय."

"कशाची?"

"माझ्या शिट्टीची."

मला वाटलं थट्टा चालली आहे. मग ह्यांनी दुसरा गोल लावला, त्याच्या आधीच्या सामन्यातला आणखी एक लावला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पोरगं शिकवल्याबरहुकूम जागेवर आलेलं आणि डोळ्याचं पातं लवेल एवढंच थांबलेलं. त्यांचं त्यांनाही ते कळत नसणार. तेवढ्या वेळात समोरचा निसटायचा. माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली, ह्यांच्या सदऱ्याची बाही करपली. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"लोक बरोबर बोलतायत गं. हे मीच शिकवलंय त्यांना."

असे रडले की मला काय करावं सुचेना. शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. नवरा चुकला म्हणून इतरांशी भांडायची सवय होती मला, पण तो स्वतःच कबूल करतो तेव्हा कुणाशी भांडायचं?

दुसऱ्या दिवशी हे मोठ्या सरांच्या खोलीत जाऊन बसले. सगळं सांगितलं. शेवटचा आठवडा तरी खराखुरा टॅकल करू द्या, मी पाया पडतो म्हणाले. मोठे सर म्हणाले, ह्या आठवड्यात कुणाचा पाय मोडला तर मालकांना तोंड कोण दाखवणार? शिवाय शिट्टीचं हे बाहेर कुठे बोलू नका, आपलीच शोभा होईल. हे घरी आले ते असे, की मी चहा दिला तर कपाकडे बघत राहिले. मोसम संपला की ह्यांना काढणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. पण ह्यांना ते तितकं खात नव्हतं. पोरांना बिघडवून जातोय, हे खात होतं.

त्यानंतर हे घरातसुद्धा पायमोजे घालून वावरायला लागले. थंडी वाजते म्हणे. माझ्या काउंटरवर रोज खोटं बोलणारी माणसं येतात, मला काय शिकवता? मी मोजे ओढून काढले. दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या. जिन्यावरून पडलो म्हणाले. मी म्हटलं, दोन्ही पायांनी, आणि तेही समोरून? त्यावर ह्यांनी पांघरूण ओढून घेतलं.

ह्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. पुन्हा हा गुडघा पिरगळला तर जन्मभर काठी, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी दुकानातून थेट सरावाच्या मैदानावर गेले.

तिथे बघते तर काय. बचावफळीची सगळी पोरं एका बाजूला रांगेत उभी, आणि आमचे हे, पोट सुटलेले, केस पिकलेले, चेंडू पायात घेऊन त्यांच्या अंगावर पळत जातायत. एकेक जण येतो, ह्यांच्या पायातला चेंडू काढायला बघतो आणि ह्यांना आडवं करतो. हे उठतात, चड्डीची माती झटकतात आणि पुढच्याला हाक मारतात. मी कुंपणापासून ओरडले. हे लंगडत माझ्याकडे आले.

मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला, घरी चला. मोठ्या सरांनी मनाई केली आहे ना?

"खेळाडूने खेळाडूला टॅकल करायचा नाही, असा नियम आहे," हे म्हणाले. "मी कुठे खेळाडू आहे?"

मी गुडघ्याचं बोलले, डॉक्टरांचं बोलले, शेवटी रडले. हे खाली मान घालून ऐकत राहिले. मग इतकंच म्हणाले, की मी घातलेली सवय आहे, ती मलाच काढायला हवी, आणि सामना परवावर आला आहे. बाकीची पोरं सुधारली आहेत म्हणाले. एक मांजर राहिलाय, तो माझ्या अंगावर यायलाच तयार नाही. मी ह्यांचा हात धरून ठेवला होता. तो ह्यांनी हळूच सोडवला. मी तिथल्या बाकावर बसले. ओढत नेण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ह्यांचं तोंड बघून तसं करवलंही नसतं.

मांजराची पाळी आली. हे चेंडू घेऊन निघाले, मांजर आला, बरोबर जागेवर आला आणि थांबला. हे त्याला ओलांडून गेले. पुन्हा केलं, पुन्हा थांबला. आता तो शिट्टीची वाट बघत नव्हता, सरळ ह्यांच्या गुडघ्याकडे बघत होता. हे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांदेखत हात जोडले.

"माझ्यावर दया करू नकोस रे. तुझ्या दयेने मी मरेन."

मांजराने मान हलवली. पुन्हा हे निघाले. या खेपेला मांजर आला तो थांबलाच नाही. गवतावरून घसरत आला, चेंडू अगदी स्वच्छ काढला, ह्यांच्या पायाला बोटही लावलं नाही. पण हे जोरात होते, तोल गेला, उजवा पाय अंगाखाली दुमडला. आवाज बाकापर्यंत आला. मी धावले तोवर मांजर ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडत होता. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी त्याच्या गालावर थापटत होते. असंच, म्हणत होते, अगदी असंच.

गुडघा गेला. डॉक्टरांनी मला पुन्हा बाजूला घेतलं नाही, ह्यांच्यासमोरच सांगितलं. क्लबाने बाहेर सांगितलं की प्रशिक्षक पाय घसरून पडले. मोठ्या सरांनी फळांची टोपली पाठवली, स्वतः आले नाहीत. मांजर मात्र त्याच संध्याकाळी आला. पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिला, ह्यांच्या प्लास्टरकडे बघत. हे त्याला परोपरीने सांगत होते, तुझी काही चूक नाही, टॅकल उत्तम होता, परवा असाच कर. तो हो हो म्हणत होता. जाताना माझ्या पाया पडायला वाकला आणि तिथेच थांबला, मला त्याला धरून उभं करावं लागलं.

सामना आम्ही रुग्णालयात बघितला. वॉर्डातल्या भिंतीवर टीव्ही होता, ज्यांना उठता येत होतं ते सगळे त्याच्याखाली खुर्च्या टाकून बसले होते. शेजारच्या पलंगावर हात मोडलेले एक गृहस्थ होते, कालच आलेले. आम्ही कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

आमची पोरं वेगळीच खेळत होती. एक टॅकल झाला, दुसरा झाला. कुणी थांबत नव्हतं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, आज ह्या पोरांच्या अंगात काय आलंय? ह्यांनी माझा हात असा दाबून धरला की बांगडी रुतली. खेळ संपत आला तरी एकही गोल झाला नव्हता. बरोबरी म्हणजे आम्ही वाचलो. मी देवाचं नाव घ्यायला लागले.

तेवढ्यात समोरच्यांचा स्ट्रायकर एकटा सुटला. आमचा गोलरक्षक आणि तो, मध्ये फक्त मांजर. मांजर आला, थांबला नाही, गवतावरून घसरत गेला आणि चेंडू काढून उभाही राहिला. सगळा वॉर्ड टाळ्या वाजवायला लागला. ह्यांनी डोळे मिटले, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मला ह्यांचा चेहरा हसरा दिसला.

स्ट्रायकर खाली पडला होता, गुडघा धरून. टॅकल स्वच्छ होता, रेफरीने खेळ थांबवला नव्हता. मांजराने नुसता पाय उचलून चेंडू लांब मारायचा होता. त्याने खाली बघितलं. मग चेंडू तिथेच सोडला, गुडघ्यांवर बसला आणि त्या माणसाचं डोकं उचलून मांडीवर घेतलं.

मागून त्यांचा दुसरा खेळाडू आला. चेंडू घेतला आणि गोलात मारला.

वॉर्डात कुणीतरी शिवी हासडली. खुर्च्या सरकल्या. पडद्यावर तो स्ट्रायकर उठून नाचत गेला, त्याला काही झालं नव्हतं. मांजर तसाच बसलेला, हात मांडीवर. मी ह्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

"वेडेच आहेत सगळे," शेजारचे गृहस्थ संतापून म्हणाले. "अहो, हातातला सामना. असल्यांना शिकवतं तरी कोण?"

"मी शिकवतो," हे म्हणाले.

गृहस्थांनी वळून बघितलं, मग प्लास्टरकडे बघितलं. सिस्टर टीव्ही बंद करायला आल्या. हे म्हणाले, राहू द्या सिस्टर, तो पोरगा उठेपर्यंत राहू द्या.