इनेसचा दहावा प्रश्न

इनेस ही बाई नाहीच, हे मी दुसऱ्याच दिवशी माह्या मैत्रिणीले, खुशबूले सांगून टाकलं होतं.

आमच्या तुमसरच्या कॉलेजनं पोर्तुगालच्या एका कॉलेजासंग दोन आठवड्यांचा ऑनलाइन प्रकल्प घेतला. तिकडची एक पोरगी, इकडची एक, अशा जोड्या. विषय होता पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या बाया. तिकडं समुद्रात शिंपले वेचणाऱ्या, इकडं धानाची रोवणी करणाऱ्या. मले इनेस मिळाली.

बाबांनी साफ सांगतलं होतं, "सर्टिफिकेट आणलं तं एम.ए.ले नागपूरले धाडतो. नाही तं मोहाडीच्या पाहुण्यांले हो म्हणतो." वरून त्यांची अट. फोन माह्या मोठ्या भावाचा, अमरचा. तो बाजूले बसन. पोरीचं तोंड अन् नाव नेटवर जाणार नाही.

माहा कॅमेरा बंद, हे समजू शकतं. पण इनेसचा काहून बंद? आवाजही कसा घोगरा. खुशबू म्हणे, "मर्दच आहे तो. पोरींचे फोटो जमा करत असन."

मग इनेसनं लिहून प्रश्न पाठवले. नऊ सरळ होते. एका रांगेत किती बाया, चिखल किती खोल, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, कोण उपटते. दहावा वाचून माह्या अंगाचा तिळपापड झाला. "रोवणीच्या दिवसांत पाळी आली तर बाया काय करतात? तू स्वतः काय केलंस?"

नशीब, अमर तवा पाणी प्यायले उठला होता. मी तो मेसेज पुसला. असलं कोणती बाई इचारते? मी उत्तर धाडलं, "हा प्रश्न विषयात बसत नाही." अन् दुसऱ्या दिवशी प्रकल्प पाहणाऱ्या रिता मॅडमकडं तक्रार नेली का माही जोडीदारीण खोटी आहे.

मॅडमनं तक्रार वाचली अन् आपला लॅपटॉप माह्याकडं फिरवला. तिकडून इनेसचीच तक्रार येऊन पडली होती, माह्या एक दिवस आधी.

"माझ्या जोडीदाराचं नाव अमर आहे. फोटोत मिशी आहे, मोटारसायकल आहे. तो स्वतःला मुलगी म्हणवतो. मागून पुरुष खोकल्याचा आवाज येतो. मला भीती वाटते, म्हणून मी कॅमेरा लावत नाही. खात्री करायला मी कोणत्याही बाईला सांगता येईल असा एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर त्यानं दिलं नाही."

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोगऱ्या आवाजाचं काय घेऊन बसली होती मी. मिशीवाली तं मीच होती.

मॅडम म्हणल्या, "उद्या बारा वाजता शेवटचं सादरीकरण आहे. दोघींचे चेहरे दिसले नाही तर जोडी रद्द. सर्टिफिकेट कोणालेच नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा खाटेवर बसले होते. अमर बाजूले. मी पहिले फोनवरचं अमरचं नाव पुसलं. दामिनी लिहिलं. मग कॅमेरा लावला.

"काय करून राहिली? बंद कर," बाबा म्हणले.

मी बंद नाही केला. समोर इनेसचा काळा चौकोन. मी इंग्रजीत, हळूहळू बोलली, "दहाव्या प्रश्नाचं उत्तर. पाळी आली तरी बाया रोवणी करतात. रांग कोणासाठी थांबत नाही. औंदा मीपण केली. दोन दिवस पोटात कळा होत्या. कपडा बदलायले बांधामागं जाता आलं नाही, कारण बांधावर बाबा अन् भाऊ उभे होते."

काळा चौकोन उघडला. माह्याच वयाची पोरगी. नाक लाल, गळ्याले मफलर, सर्दीनं बेजार.

बाबांनी अमरले इचारलं, "काय म्हणे ते?"

अमरले इंग्रजी समजते. त्यानं मान खाली घातली.

"रोवणीचं सांगून राहिली," तो म्हणला. मग उठला, अन् बाबांच्या दंडाले धरून त्यांले बाहेर घेऊन गेला.