खांद्यांची वही

माप द्यायला उभी राहिलेल्या सोनूने दोन मिनिटांतच भिंतीला हात टेकला. हंसाबाईंनी टेप खाली घेतला.

"बस जराशीक," त्या म्हणाल्या.

"बसलं का अजून दुखते वो मावशी. इथंच लवंडू का, तुया कापडायवर?"

उत्तराची वाट न पाहता ती कतरणीच्या ढिगावर आडवी झाली आणि तिने गुडघे पोटाशी घेतले. तिला नुकतीच बावीस वर्षे पूर्ण झाली होती. हंसाबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचीही कंबर दिवसभर ठणकत असे. पण चाळीस वर्षे मशीनवर वाकलेल्या कंबरेने ठणकावे यात त्यांना नवल वाटत नव्हते. या मुलीच्या कंबरेचे मात्र त्यांना नवल वाटायला हवे होते, आणि तेही वाटत नव्हते. कारण त्यांना माहीत होते.

महागाव तालुक्यातल्या त्या तांड्यात बायकामुलींचे कपडे शिवणाऱ्या त्या एकट्याच. तरुणपणी त्या यवतमाळला आयटीआयमध्ये शिवणकाम शिकल्या होत्या. तिथली एक सवय त्यांनी आयुष्यभर मोडली नाही: दोन्ही खांद्यांची मापे वेगवेगळी घ्यायची, खांद्यापासून जमिनीपर्यंत, आणि तारीख घालून वहीत लिहायची. इतर शिंपी एका बाजूचे माप घेऊन दोन्ही बाजू कापतात. हंसाबाईंच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे स्वतंत्र पान होते.

दारात सावली पडली. सोनूचे वडील उत्तमसिंग शेताकडे निघाले होते.

"झोपली का राणीसाहेब?" ते म्हणाले. "पाहा हंसाबाई, कापूस फुटला का हिची कंबर धरते. चुलीपाशी ताट वाढलं का सुटते."

"खरंच दुखते, बापू," सोनू म्हणाली.

"दिसून तं काईच नाही राह्यलं! अशी सरळ काठीसारखी पोट्टी, अन् म्हणे दुखते. त्या धनीबाईले पाहा, साठीची हाय, सांजपर्यंत वाकून वेचते."

सोनू उठली. ओढणी कंबरेला घट्ट आवळून, उजव्या हाताने कंबर दाबत ती त्यांच्या मागे चालू लागली. हंसाबाई तिच्या पाठमोऱ्या कुर्त्याकडे पाहत राहिल्या. कुर्त्याची खालची कड जमिनीशी अगदी समांतर होती. उत्तमसिंग खोटे बोलत नव्हते. त्यांना जे दिसत होते तेच ते बोलत होते. आणि त्यांना काय दिसावे हे गेली नऊ वर्षे हंसाबाईंची कात्री ठरवत आली होती.

सोनू तेरा वर्षांची असताना तिची आई सुखीबाई तिला शाळेच्या ड्रेससाठी घेऊन आली होती. उजवा खांदा पाव इंच वर भरला. हंसाबाईंनी टेप पुन्हा लावला, पुन्हा पाव इंच. त्यांनी मान वर केली तेव्हा सुखीबाईने मुलीला पाणी आणायला बाहेर पिटाळले होते.

"दिसलं ना तुले? मलेही दिसते, न्हाऊ घालताना," ती हलक्या आवाजात म्हणाली होती. "वाढीचं अंग हाय, बसन जागेवर. पण तू बोलू नको कोणापाशी. तांडाभर झालं तं उद्या सोयरीक कोण करन? ड्रेस असा शीव का कोणाले समजू नये."

हंसाबाईंनी तसा शिवला. उजवी बाजू पाव इंच वाढवली, डाव्या खांद्यात पातळ पट्टी घातली, आणि ड्रेस अंगावर असा बसला की त्यांना स्वतःच्या हाताचे कौतुक वाटले. पुढच्या दिवाळीला अर्धा इंच. मग पाऊण. सोळाव्या वर्षी एक इंच. दरवर्षी त्या आकडा लिहीत, दरवर्षी कापड तेवढे कमीजास्त करीत. एका मुलीची लाज आपण झाकतो आहोत, असेच त्यांना वाटत आले.

ते माप अर्धवट राहिले त्याच आठवड्यात, वेचणी करताना कमरेला बांधलेली ओटी कापसाने गच्च भरलेली असताना, सोनू तासातच खाली बसली आणि तिला उठता येईना. गाठोड्यासारखे उचलून तिला बांधावर आणावे लागले. सुखीबाई तिला यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेली. परतल्यावर उत्तमसिंगांनी एक्स-रेचा काळा कागद दाराच्या उजेडात धरला. मणक्यांची माळ मधोमध एका बाजूला झुकली होती, वाऱ्याने कललेल्या तुरीसारखी.

"डॉक्टरीणबाई म्हणते, वाकडेपण वाढून राह्यलं असन तं नागपूरले पाठवावं लागन," सोनूने हंसाबाईंना सांगितले. ती पुन्हा त्याच कतरणीवर आडवी होती. "पाठ उघडून लोखंडी दांडे बसवतात म्हणे. अन् थांबलेलं असन तं कसरतीवर भागन. पण थांबलं का वाढून राह्यलं ते जुन्या फोटोशिवाय कसं समजावं? गुरुवारी बलावलं. याडीनं तिले सांगितलं, पोरीचं औंदाच सुरू झालं."

"औंदाच?"

"हो. मावशी, मले भेव वाटते वो. पाठ उघडतात म्हणजे किती उघडत असतीन?"

हंसाबाईंनी तिच्या डोक्याखाली कापडाची एक घडी सरकवली.

संध्याकाळी त्या सुखीबाईकडे गेल्या. सुखीबाई भाकरी थापत होती. वही डॉक्टरीणबाईंना दाखवायची गोष्ट निघताच तिचे हात थांबले.

"ती वही चुलीत घाल," ती म्हणाली. "पोरीले समजलं का मले नऊ वर्षांपासून माहीत होतं, तं ती माह्या तोंडाकडं पाहणार नाही. अन् तुह्याही नाही, सांगून ठेवते."

"अन् उगाच नागपूरले नेऊन पाठ उघडली तं?"

"डॉक्टर पाहतीन ना! तू काय डॉक्टर हायेस?"

हंसाबाई परत आल्या. वही त्यांनी मांडीवर घेतली, पान काढले, मिटले. सोनू तान्ही असताना तिचे पहिले झबले त्यांनीच शिवले होते. बारावीचा निकाल तिने आईच्या आधी त्यांना सांगितला होता. ते सगळे या एका पानासरशी जाणार, हे त्या जाणून होत्या. विचार करकरून थकल्या, आणि वही पिशवीत टाकून पडून राहिल्या.

गुरुवारी दोघींबरोबर हंसाबाईही निघाल्या. एसटीत सुखीबाईने त्यांच्या मांडीवरची पिशवी पाहिली आणि तोंड खिडकीकडे वळवले. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला सोनू पुढच्या सीटची दांडी धरून स्वतःला उचलून घेत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. वही उघडून त्यांनी पहिल्यांदा कपाळाला आठी घातली, मग खुर्ची पुढे ओढली.

"ही मापं कोणी घेतली?"

"मी. दरवर्षी दिवाळीच्या आधी. अनवाणी उभी करून, भिंतीपाशी, हिच्या आईसमोर. टेप बदलला नाही."

"तेराव्या वर्षी पाव. मग अर्धा, पाऊण, एक." त्यांचे बोट पानावरून खाली सरकत गेले. "सोळाव्याला एक. सतराव्याला एक. आत्तापर्यंत एकच." त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. "यावरून पाठीचा कोन कळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढूच. पण वाढ थांबल्यावर हेही थांबलंय असं दिसतंय, आणि बाकही फार मोठा नाही. आज तरी ऑपरेशनचं नाव नको. दुखणं खरं आहे, ते स्नायूंचं आहे. व्यायामाने ताकद आणायची. कमरेला ओझं बांधून तासन्‌तास वाकायचं नाही."

सुखीबाईने पदराने डोळे पुसले. हंसाबाईंनी श्वास सोडला.

सोनू वहीकडे पाहत होती.

"मॅडम," तिने विचारले, "तेराव्या वर्षीच आणलं असतं तं?"

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "तेव्हा पाठीला पट्टा लावता आला असता. कदाचित एवढं वाढलं नसतं. नक्की सांगता येत नाही."

सोनूने मान हलवली. परतीच्या गाडीत ती ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या जागेवर जाऊन बसली. तांड्याच्या फाट्यावर उतरल्यावर एवढेच म्हणाली, "तुमी दोघीही मोजत होत्या." आणि पुढे निघून गेली.

दहा दिवस ती आली नाही. हंसाबाईंनी चार ब्लाऊज शिवले, त्यातले एक उसवून पुन्हा शिवले. सुखीबाई पाण्याला जाताना दुसऱ्या वाटेने जाऊ लागली. उत्तमसिंग मुलीला वेचणीला नेत नव्हते, पण चावडीवर म्हणत होते म्हणे, "फोटोत वाकडी हाय, अंगानं तं सरळच दिसते. काय खरं समजावं?"

अकराव्या दिवशी सोनू आली. हातात निळे कापड होते. कतरणीवर न लवंडता ती सरळ भिंतीपाशी जाऊन अनवाणी उभी राहिली.

"माप घे."

हंसाबाईंनी घेतले. डावा खांदा, उजवा खांदा. त्या वहीकडे वळल्या, तसा सोनूने हात पुढे केला.

"मले दाखव." तिने पान वरपासून खालपर्यंत वाचले, एकेका तारखेवर थांबत. मग वही परत दिली. "एकच हाय ना?"

"एकच."

"आता शीव. दोन्ही बाजू सारख्या. पट्टी नको घालू."

"सोनू, एका बाजूनं उचललं जाईन बाई. लोकायले दिसन."

"दिसू दे. बापूले दिसलं पाहिजे." ती थांबली. "तुया कुर्त्यायनं मले नऊ वर्षं खोटं पाडलं."

त्या वाक्यात 'मावशी' हा शब्द नव्हता. पुढच्याही वाक्यात नव्हता. मंगळवारी नेते, एवढे सांगून ती गेली; चालताना हात कमरेवरच होता.

हंसाबाईंनी निळे कापड पसरले. सोनूच्या कापडाच्या दोन बाजू त्या नेहमी वेगवेगळ्या आखीत, वेगवेगळ्या कापीत. खडू सवयीने उजव्या खांद्यापाशी एक इंच वर गेला. त्यांनी ती रेघ अंगठ्याने पुसली, पुसली जाईना म्हणून ओल्या फडक्याने पुसली. मग इतर सगळ्या मुलींचे करतात तसे कापड मधोमध दुमडले, एकाच बाजूला आखले, आणि दोन्ही पदरांतून एकदाच कात्री चालवली.