शाल पांघरलेली व्हॅन

गल्लीतली सगळी माणसं व्हॅनभोवती गोळा झाली होती. जुनी पांढरी व्हॅन, इंजिन चालू, पुढच्या सीटवर भुतं उतरवणारे शालवाले बाबा. डॅशबोर्डवर त्यांनी गोंड्यांची शाल अंथरली होती, दोन्ही हात शालीखाली.

"आलायस का रे?" बाबा गरजले.

"हूंऽऽऽ..." डॅशबोर्डच्या आतून कुणीतरी कण्हलं.

गर्दी झपकन मागे सरली.

"बायकोला न्यायला आलायस?"

"हूंऽऽऽ..."

व्हॅन धाकट्याच्या वडिलांची, अण्णांची. मागच्या थंडीत टेकडीवरच्या डाव्या वळणावर, गाडी चालवतानाच अण्णांचं हृदय बंद पडलं. आता धाकटा चालवायचा, आणि यंदा हीटर लावायला लागल्यापासून नेमक्या त्याच वळणावर गाडी कण्हायची. त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"अण्णांच्या बाईंनी या गाडीला शिवायचंसुद्धा नाही," बाबांनी निकाल दिला. "गाडी माझ्याकडे आणून सोडा. बंदोबस्त करतो."

बंदोबस्त म्हणे! आईचं डायलिसिस टेकडीपलीकडच्या दवाखान्यात, आणि तिकडे जायला दुसरं काही साधन नव्हतं. भीतीपायी एक फेरी चुकलीच होती. आईचे पाय सुजले होते, दोन वाक्यं बोलली की तिला धाप लागायची.

"उद्या नेलं नाहीस तर ती खरंच जाईल," घरात शिरताच ताई म्हणाली. ताई शाळेत शिकवायची, आणि घरातही तिचा वर्ग सुटत नसे. "गोंडे बघितलेस का?"

"कसले गोंडे?"

"शालीचे, बावळटा! दर 'हूं'ला उडत होते. भूत काय फुंकर मारतं?"

"ताई, आवाज अण्णांचा होता गं."

"अण्णा नुसतं 'हूं' म्हणतील? जन्मात कधी त्यांनी एका शब्दात उत्तर दिलंय?"

धाकट्याला हसू आलं नाही. ताईनं त्याला ओढतच शाळेच्या मैदानावर नेलं.

"हीटर रोजच्यासारखा दोनवर ठेव. डावीकडे गोल फिरव."

त्यानं स्टिअरिंग फिरवलं. गाडी वळली आणि कण्हली. त्यानं कचकन ब्रेक मारला.

"आता उजवीकडे."

शांत.

"परत डावीकडे."

"हूंऽऽऽ..."

"अण्णा काय इथेही गेले होते?"

मग तिनं गाडी थांबवायला लावली आणि हीटरचं बटण तीनवर फिरवलं. गाडी जागच्या जागी कण्हायला लागली. एकवर आणलं, गप्प.

"शालीखाली बाबांचे हात हेच करत होते. आता ते झाकण उघड."

सामानाच्या कप्प्याखाली झाकण होतं. स्क्रू निघाले, पण आतला अंधार बघून धाकटा थिजला.

"मी हात घालू?" ताईनं विचारलं.

"थांब." त्यानं डोळे मिटले आणि हात आत घातला. बोटांना धुळीनं मढलेलं, हीटरच्या पंख्याचं चाक लागलं. हलवलं तर डुगडुगलं. मोटरचं बुश, म्हणजे चाकाचा दांडा धरून ठेवणारी कडी, पार झिजलं होतं. डाव्या वळणावर गाडी कलली की चाक कडेला घासायचं, आणि पंखा पूर्ण वेगात सोडला की उभ्या गाडीतही.

नवी मोटर बसवण्याआधी ताईनं व्हॅन गल्लीत उभी केली आणि डॅशबोर्डवर चादर अंथरली.

"माझ्या वर्गातली सगळी पोरं पास होणार?"

"हूंऽऽऽ..."

"शालवाल्यांना फुकटात गाडी हवी होती?"

"हूंऽऽऽ..."

तिनं चादर उचलली. बटणावरची तिची बोटं बघून गल्ली खो खो हसली. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "मेल्याला मी दोनदा चहा पाजला गं!"

दारात बसलेली आई मात्र हसली नाही. "म्हणजे ते नव्हते?"

"नाही आई. मोटर होती."

"बरं झालं." तिनं पदरानं डोळे पुसले. "मला वाटलं, अजून दुखतंय त्यांना."

धाकट्यानं त्याच संध्याकाळी नवी मोटर बसवली. सकाळी वळण आलं तेव्हा त्याची छाती धडधडत होतीच. पंखा नुसता गरम वारा सोडत राहिला. आई काचेला डोकं टेकून झोपली होती, तिचा श्वास त्याला नीट ऐकू येत होता.

भीती वाटते, वाटणारच. तिला कुणी हसू नये. पण आवाज आला की तो कुठून येतो ते आधी बघा, झाकण उघडा, हात घाला. आणि ते कळेपर्यंत, कुणीही काहीही सांगो, आजारी माणसाचा दवाखाना चुकवू नका.