शेजारची जागा

शाळेत मला सगळे 'खडूस बाई' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, एवढीच काय ती भीड.

मागच्या बाकावरची मुलं अभ्यासात मागे का, हे शोधायचं मी मनावर घेतलं. मुख्याध्यापक म्हणाले, "डोकं नसतं, म्हणून." झालं, माझंच डोकं फिरलं. मोकळ्या तासांना मी इतरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर गुडघे कोंबून बसू लागले. तिथून खिडकीच्या उजेडानं फळा चकाकतो, पंख्याच्या घरघरीत आवाज विरतो. एका सरांना तर मी बसलेय हे तास संपेपर्यंत कळलंच नाही. हसू आलं, मग वाईट वाटलं.

मी प्रस्ताव मांडला. दर सोमवारी सगळ्यांनी जागा बदलायची, आणि गप्पा नकोत म्हणून शेजारीही. "आधी तुमच्या वर्गात करून दाखवा," म्हणत मुख्याध्यापकांनी अंग काढून घेतलं.

मागची एक घुमी मुलगी पहिल्या बाकावर आली आणि तिची गणितं सुटू लागली. मी हवेत! पण मधल्या सुट्टीत पाहिलं, तर ती डबा न उघडता एकटीच वर्गात.

"काय गं, पोट दुखतंय?"

"नाही बाई. मला मागे जाऊ द्या ना."

"तिथे काय ठेवलंय?"

"माझी मैत्रीण शेजारी असायची. माझ्याशी तेवढी तीच बोलते."

घरी कुणाचा तरी आवाज असावा म्हणून मी टीव्ही लावून जेवते. निदान मला तरी हे आधी सुचायला हवं होतं.

शिक्षकांच्या बैठकीत मी माझाच प्रस्ताव खोडला. "जागा बदला, पण सोबत तोडू नका. दोघा-दोघांना एकत्र हलवा."

मुख्याध्यापक हसले. "बाई, तुम्ही एकट्या जीव. तुम्हाला सोबतीचं कुठून सुचलं?"

"एकटी आहे म्हणूनच," मी म्हणाले. मग कुणी हसलं नाही. प्रस्ताव मंजूर झाला.

सोमवारी मी मुलांना म्हणाले, "आपापला जोडीदार निवडा." एकच गलका झाला. घुमीची मैत्रीण नव्या शेजारणीचा हात धरून दुसऱ्या बाकावर गेली. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. घुमी दप्तर मांडीवर घेऊन, एका बाजूला सरकून बसून राहिली.

मला राहवेना. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही नका ना बसू. ती येईल."

मी उठले आणि फळ्याकडे गेले.