शेवटचा उतार

बर्फाचं सगळं गुडवेगनं पाहायचं आणि खाण्यापिण्याचं तिच्या नवऱ्यानं, ओड्वारनं, अशी त्यांची लग्नापासूनची वाटणी होती. तीवरून कधी भांडण झालं नाही, कारण दोघांनाही आपलंच खातं वजनदार वाटे.

दर ईस्टरला दोघं पायांत स्की अडकवून क्वीतनिपाचं शिखर चढत. यंदाची खेप शेवटची. पानगळीच्या दिवसांत ओड्वारचा डावा गुडघा बदलायचा होता, आणि त्यानंतर डोंगर विसरा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला आणि घरी येऊन स्कींना मेण लावत बसला.

वसंतातल्या बर्फाशी व्यवहार सकाळचाच. रात्री गोठून तो दगड होतो, उन्हं चढली की त्याची खीर होते, आणि ही खीर कधी अख्ख्या उतारासकट अंगावर येईल ते सांगता येत नाही. म्हणून पहाटे निघायचं आणि ऊन तापायच्या आत परतायचं. पण ईस्टरचं ऊन दिसलं की आमच्या मुलखातला कुठलाही माणूस बर्फात खड्डा खणतो, सूर्याकडे तोंड करून त्यात बसतो आणि संत्रं सोलतो. देव न मानणारेही हे कडक पाळतात. भूर्जाची झाडं संपली तिथं ओड्वारनं खड्डा खणला. एरवी गुडवेगनं त्याला कॉफीच्या पहिल्या घोटालाच उठवलं असतं. आज तो डोळे मिटून, दाढीला संत्र्याचा रस लावून इतका सुखात बसला होता की तिच्यानं उठववेना.

व्हायचं तेच झालं. शेवटच्या उताराच्या पायथ्याशी तिनं स्कीची काठी उलटी धरून बर्फात दाबली. वरचा पापुद्रा फुटला आणि काठी अर्ध्याहून जास्त आत गेली. दोन पावलं सरकून तिनं पुन्हा दाबली. मग तिसऱ्यांदा, जरा हळूच. हळू दाबलं तर बर्फाला दया येईल अशा बेतानं. कड्याखालून बर्फाचे गोळे घरंगळत, वाढत खाली येत होते. शिखरावरचा दगडांचा ढीग स्पष्ट दिसत होता.

गावातल्या निम्म्या तरण्या पोरांना डोंगरातून मागे फिरवलेली ही बाई. तिला आज 'नाही' म्हणता येईना. डावीकडच्या कडेनं कदाचित जमेल, असं काहीतरी ती पुटपुटली.

"गुडवेग, एरवी तू एकदाच दाबतेस. आज तीनदा दाबलीस," ओड्वार म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. माझा गुडघा दुखतोय. चल, फिरू या."

तो वळला आणि लंगडत चालू लागला. लंगडणं झकास होतं, फक्त पाय उजवा होता.

"ओड्वार, ऑपरेशन डाव्याचं आहे."

त्यानं थांबून विचार केला. "पसरलंय दुखणं."

तिनं हातमोज्यानं डोळे पुसले आणि ऊन फार आहे म्हणाली. ते खरंही होतं.

खाली जायला सरळ वाट होती. गुडवेगनं ती घेतली नाही. सावलीच्या बाजूनं, जिथं बर्फ अजून शहाण्यासारखा वागत होता, तिनं लांबलचक वळणं घेतली, या काठापासून त्या काठापर्यंत, उतार लवकर संपू नये म्हणून. मागून ओड्वार नेमका तिच्याच रेषेवर येत होता, दोन्ही पायांनी उत्तम.