धोंड्याच्या महिन्यातली आगगाडी

जावई विनाकारण गोड बोलायला लागला की प्रतापरावांचे कान टवकारत. दिवाणी कोर्टात चौतीस वर्षं त्यांनी खोटी प्रतिज्ञापत्रं हाताळली होती. माणूस शपथेवर बोलतोय म्हणजे काहीतरी लपवतोय, अशी त्यांची खात्री. त्यात हा जावई, आणि महिना धोंड्याचा!

नल्लकुंट्यातल्या त्यांच्या तेलुगू शेजाऱ्यांना अधिकमासाचं काही विशेष नसे. मराठी सासऱ्याची मात्र दर तीन वर्षांनी ही परीक्षा. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर जावयाच्या मनाजोगती एखादी वस्तू. त्यांच्या पत्नीनं, पद्मावतीबाईंनी, अनारशांचं पीठसुद्धा करून ठेवलं होतं.

नेमका त्याच आठवड्यात जावई मकरंद अंबरपेठेहून आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "मामा, ती छोटी जर्मन आगगाडी असते ना, रुळांसकट? एक तारखेपासून बाहेरच्या मालावर ड्यूटी वाढणार म्हणतात. ज्याला घ्यायचीय त्यानं आत्ताच घेतलेली बरी."

"मला कशाला सांगताय?"

"सहज हो. कानावर आलं म्हणून."

सहज! प्रतापराव सावध झाले. कारण ती आगगाडी त्यांना स्वतःलाच हवी होती. काळं इंजिन, चार डबे, हात खालीवर करणारा सिग्नल. वीस-पंचवीस वर्षं ते तिची कात्रणं जपत आले होते, निवृत्तीनंतर पेन्शनमधले पैसेही बाजूला टाकत होते. पण सांगणार कुणाला? कोर्टाचा माजी शिरस्तेदार खेळण्यातली गाडी घेतोय म्हटल्यावर लोक तोंडावर हसले असते. बायकोलासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. मग मकरंदला त्यांच्या मनातलं कळणं शक्यच नव्हतं. म्हणजे गाडी त्याला हवी होती, आणि तीही सासऱ्याच्या पैशानं.

ड्यूटीची बातमी तरी खरी आहे का, हे काढायला ते गौलीगुड्याला बबलूच्या दुकानात गेले. बबलू परदेशी खेळणी मागवून विकायचा.

"बढ़ भी सकती, नै भी बढ़ सकती, अंकल," बबलू म्हणाला. "पक्का कोई नै बोल सकता. एकीच सेट बचा है. होना तो अब्बीच लेओ."

हवी तर आत्ताच घ्या, दुकानदार दुसरं काय बोलणार? प्रतापराव पायरी उतरायला लागले.

"अंबरपेठ के मकरंद साब भी इसीच को दो बार पूछ के गए," बबलू मागून म्हणाला.

झालं, पुरावा हाती आला. प्रतापराव पायरीवरच थबकले आणि त्यांनी सगळं जुळवून पाहिलं. आधी वस्तू ठरवली, मग किंमत काढली, मग सासऱ्याच्या कानावर घातलं, आणि त्यानं लवकर हात सैल सोडावा म्हणून ड्यूटीचा बागुलबुवा उभा केला. केवढा बेरकी माणूस! पण गाडी दिली नाही तर लेकीला, शिल्पाला, जन्मभर टोमणे ऐकावे लागतील. आणि दोन गाड्या घ्यायची ऐपत नव्हती. ते मागे फिरले आणि सेट घेतला. रिक्षात ते खोकं मांडीवर धरून बसले होते तेव्हा त्यांना अक्षरशः रडू येत होतं.

रविवारी जेवणं झाली. ताटात अनारसे, निरांजन, आणि शेजारी ते भलंमोठं खोकं. प्रतापरावांनी वाणावर पळीभर पाणी सोडलं.

"घ्या जावईबापू," ते खोचकपणे म्हणाले. "तुमच्या मनातलं बरोबर ओळखलं की नाही?"

मकरंदनं खोकं उघडलं. आत बघून शिल्पा ओरडली, "बाबा, हे काय केलंत? ही तुमची गाडी आहे!"

"माझी?"

"शाळेत असताना तुमच्या कपाटातली कात्रणं बघितली होती मी. मीच यांना सांगितलं. आम्ही आणून दिली असती तर जावयाकडून घेतली असती का तुम्ही? म्हणून हे दुकानात चौकशी करून आले. महाग व्हायच्या आत तुम्ही घ्यावी एवढंच यांच्या मनात होतं."

मकरंदनं खोकं पुढे सरकवलं. "मामा, तुमच्याकडेच ठेवा. मला खरंच नको."

"छे!" पद्मावतीबाई मध्ये पडल्या. "पाणी सोडलेलं वाण कुणी परत घेतं का?"

प्रतापरावांना हे माहीत होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी तुम्हाला लोभी समजलो," ते खाली मान घालून म्हणाले.

मकरंदनं जमिनीवर रूळ मांडले, डबे जोडले आणि चालवायची कळ सासऱ्याच्या हातात दिली. प्रतापरावांनी त्याचा चेहरा निरखून पाहिला. कीव, थट्टा, काहीच सापडेना. मग त्यांनी कळ फिरवली. इंजिन पाटाला वळसा घालून निघालं आणि तासभर त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही.

संध्याकाळी मकरंदनं खोकं स्कूटरवर पायाशी ठेवलं. प्रतापराव फाटकापर्यंत आले. लेकीच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा नेम त्यांनी तिचं लग्न झाल्यापासून पाळला होता. सात वर्षांत ते एकदाही अंबरपेठेला गेले नव्हते.

"मकरंदराव," त्यांनी स्कूटरचं हँडल धरलं. "पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे येऊ का?"

"या ना. पण शिल्पा जेवल्याशिवाय सोडायची नाही, मामा."

"जेवेन," प्रतापराव म्हणाले.